अर्धा कुठून आला? चार्जच्या थरावरचं बल आणि आपली पाठ्यपुस्तकं

पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न अगदी सोपा होता. धातूच्या गोळ्यावर चार्ज आहे, तर पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर बल किती? मी लगेच सांगितलं, सिग्मा-वर्ग भागिले दोन एप्सिलॉन-नॉट, दिशा बाहेरच्या बाजूला. समोरचे सर म्हणाले, "ते दोन कुठून आले?" मी म्हटलं, बाहेरचं क्षेत्र सिग्मा भागिले एप्सिलॉन-नॉट, आतलं शून्य, म्हणून सरासरी. "सरासरी का? चार्ज तर नेमका सीमेवर आहे, ना आत ना बाहेर." मी गप्प बसले. मग पुटपुटले की पुस्तकात तसं दिलंय. सर हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

निवड झाली. पण दोन वर्षांनी त्याच 'दोन'ने मला माझ्या स्वतःच्या कोडमध्ये गाठलं आणि तीन आठवडे खाल्ले. ती हकीकत पुढे सांगते. त्या तीन आठवड्यांनंतर मी शेल्फावरची सगळी पुस्तकं काढून हा एकच मुद्दा कोण कसा शिकवतं ते शेजारी शेजारी ठेवून वाचलं. आज त्याबद्दल लिहायचं आहे. तुम्ही नेट, गेट, जेस्टची तयारी करत असाल तर सूत्र तुम्हाला पाठ आहेच. माझं म्हणणं असं की आपली उत्तमोत्तम पुस्तकंही या सूत्रामागचा खरा प्रश्न अर्धवट सोडतात, आणि तो प्रश्न संशोधनात हमखास परत येतो.

(सूत्रं मी इथे शब्दांत लिहिते आहे. फळ्यासमोर उभं राहून बोलतो तशीच वाचा. कागद-पेन्सिल जवळ असू द्या.)

सुरुवात ग्रिफिथ्सपासून, कारण आपल्यापैकी बहुतेकांचं इलेक्ट्रोडायनॅमिक्स तिथेच सुरू होतं. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटाकडे, वाहकांच्या चर्चेत हा भाग येतो. युक्तिवाद सुटसुटीत आहे. पृष्ठभागावरचा एक छोटासा तुकडा घ्या. मी त्याला टिकली म्हणते. टिकलीजवळचं एकूण क्षेत्र म्हणजे टिकलीचं स्वतःचं क्षेत्र अधिक बाकी सगळ्या जगाचं क्षेत्र. टिकलीचं स्वतःचं क्षेत्र वरच्या बाजूला सिग्मा भागिले दोन एप्सिलॉन-नॉट आणि खालच्या बाजूला तेवढंच, पण उलट दिशेने. बाकी जगाच्या क्षेत्राला तिथे उडी नाही, कारण टिकली काढली की तिथे नुसतं भोक उरतं. वरचं आणि खालचं क्षेत्र मिळवून निम्मं केलं की टिकलीचा वाटा कटतो आणि बाकी जगाचा उरतो. टिकली स्वतःला ढकलू शकत नाही, तेव्हा तिच्यावरचं बल बाकी जगाच्या क्षेत्राचं. थोडक्यात, सरासरी ही फक्त टिकलीचा स्वतःचा वाटा वजा करायची युक्ती आहे.

सुंदर आहे, यात वाद नाही. मुलाखतीत मी एवढं जरी सांगितलं असतं तरी निभावलं असतं. पण आता पुस्तक पुढे चाळा. आठव्या प्रकरणात मॅक्सवेलचा स्ट्रेस टेन्सर काढताना ग्रिफिथ्स एका आकारमानातल्या सगळ्या चार्जवरचं एकूण बल लिहितो: रो गुणिले ई अधिक जे क्रॉस बी, यांचं इंटिग्रल. इथला 'ई' कोणता? बाकी जगाचा? नाही. एकूण. टिकलीचा वाटा वजा करण्याबद्दल अवाक्षरही नाही. दुसऱ्या प्रकरणात ज्या गोष्टीसाठी अर्धं पान खर्च केलं ती आठव्यात नाहीशी झाली. आणि अकराव्या प्रकरणात, प्रारण करणाऱ्या बिंदू-चार्जच्या वेळी, 'स्वतःवरचं बल' पुन्हा हजर होतं आणि त्यासाठी डंबेलचं मॉडेल मांडावं लागतं. म्हणजे एकाच पुस्तकात तीन भूमिका: स्वतःचा वाटा काढा, काढायची गरज नाही, आणि काढताच येत नाही. या तिन्हींना जोडणारा पूल मला सापडला नाही.

पूर्ण न्याय द्यायचा तर पुलाचा एक खांब दुसऱ्याच प्रकरणात आहे. स्थिर-विद्युत ऊर्जेच्या चर्चेत ग्रिफिथ्स सांगतो की सुटे चार्ज असतील तर प्रत्येकाच्या जागी 'इतरांचं' पोटेन्शियल घ्यायचं, पण सलग चार्ज असेल तर एकूण पोटेन्शियल घेतलं तरी चालतं, कारण नेमक्या त्या बिंदूवर चार्ज नगण्य असतो. हे बरोबर आहे. पण मग तुम्ही विचाराल की सरफेस चार्जही सलगच आहे ना? ऊर्जेला स्वतःचा वाटा नगण्य चालतो, मग दहा पानांनी बलाच्या वेळी तोच वाटा नेमका अर्धा कसा होतो?

हाच तो प्रश्न, आणि याचं उत्तर एका छोट्या हिशेबात आहे. तो कुठल्याही पुस्तकात एका जागी मांडलेला मला दिसला नाही, म्हणून इथे करते.

एक लहान गोळी घ्या, त्रिज्या ए, आत सर्वत्र रो घनतेचा चार्ज. तिच्या पृष्ठावर तिचं स्वतःचं क्षेत्र रो गुणिले ए भागिले तीन एप्सिलॉन-नॉट. ए शून्याकडे नेला की हे शून्याकडे जातं. म्हणून आकारमानात पसरलेल्या चार्जसाठी 'एकूण ई' आणि 'इतरांचा ई' यांत फरकच उरत नाही. आठवं प्रकरण बरोबर.

आता एक टिकली घ्या, त्रिज्या ए, सिग्मा घनता. तिला अगदी चिकटून, मध्याच्या वर तिचं स्वतःचं क्षेत्र सिग्मा भागिले दोन एप्सिलॉन-नॉट. यात ए नाहीच! टिकली कितीही लहान करा, तिचा वाटा जसाच्या तसा. तो वजा करावाच लागतो. दुसरं प्रकरणही बरोबर. पण त्याच टिकलीचं मध्यावरचं पोटेन्शियल बघा: सिग्मा गुणिले ए भागिले दोन एप्सिलॉन-नॉट. यात ए आहे, तेव्हा हे शून्याकडे जातं. म्हणून ऊर्जेच्या हिशेबात टिकलीचा वाटा वजा करायची गरज पडत नाही, बलाच्या हिशेबात पडते. ऊर्जा पोटेन्शियलवर चालते आणि बल क्षेत्रावर; पृष्ठभाग हा असा मधला प्रकार आहे की एकाला स्वतःचा वाटा दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही.

तारेवर चार्ज असेल तर क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढत जातं, आणि बिंदूसाठी अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. तिथे स्वतःचा वाटा ना शून्य, ना ठरावीक. तो अनंताकडे धावतो. 'सरासरी घ्या' हा मंत्र तिथे निरुपयोगी आहे, कारण वर-खाली असं काही नसतंच. पटत नसेल तर अनंत बारीक तारेची चार्ज केलेली कडी घ्या आणि तिच्यातला ताण काढून बघा. उत्तर लॉगॅरिदमने अनंताकडे जातं आणि तारेची जाडी दिल्याशिवाय थांबत नाही. विद्युतधारेच्या कडीचं इंडक्टन्स काढतानाही हेच होतं. म्हणून त्या सूत्रात तारेची त्रिज्या असते.

म्हणजे तीन-चार वेगवेगळे नियम नाहीत. लोरेंट्झचा एकच नियम आहे. आपण चार्ज किती मितींत दाबून भरला आहे, यावर स्वतःच्या वाट्याचं काय होतं ते ठरतं. हे एवढं एक पान ग्रिफिथ्समध्ये असतं तर दरवर्षी कितीतरी विद्यार्थी 'सरासरी' पाठ करण्यापासून वाचले असते.

आता पर्सेल. बर्कली मालिकेतलं त्यांचं पुस्तक पहिल्यांदा १९६५ साली आलं. आपल्याकडे ते फारसं कुणी वाचत नसे, कारण त्यात सीजीएस एकक होती आणि परीक्षा एसआयमध्ये. २०१३ साली डेव्हिड मॉरिन यांनी केलेली एसआयमधली तिसरी आवृत्ती आली आणि ही सबब संपली. पर्सेल हा मुद्दा वाहकांपर्यंत थांबवून ठेवत नाहीत. पहिल्याच प्रकरणात, वाहक हा शब्द यायच्या आधी, चार्जच्या थरावरचं बल येतं. उत्तर 'सरासरी' आहे हे ते आधी सांगून टाकतात, पण मग ते सिद्ध करण्यासाठी थराला जाडी देतात. आतल्या कडेला क्षेत्र ई-एक, बाहेरच्या कडेला ई-दोन, मध्ये चार्जची घनता खोलीप्रमाणे हवी तशी बदलू द्या. गाऊसच्या नियमाने रो म्हणजे एप्सिलॉन-नॉट गुणिले ई चा उतार. मग रो गुणिले ई चं जाडीभर इंटिग्रल हे ई डी-ई चं इंटिग्रल होतं, आणि ते म्हणजे अर्धा एप्सिलॉन-नॉट गुणिले, ई-दोनचा वर्ग वजा ई-एकचा वर्ग. अवयव पाडा: सिग्मा गुणिले दोन क्षेत्रांची सरासरी.

बघा, इथे काहीही वजा केलं नाही! टिकली नाही, भोक नाही, 'स्वतःला ढकलू शकत नाही' हे वाक्य नाही. एकूण क्षेत्र घेतलं आणि अर्धा आपोआप बाहेर आला, जसा एक्सच्या इंटिग्रलमधून अर्धा एक्स-वर्ग येतो तसा. आतल्या चार्जला जवळजवळ शून्य क्षेत्र दिसतं, बाहेरच्याला पूर्ण, मधल्यांना मधलं. आणि थराच्या आत चार्ज कसा वाटला आहे याचा उत्तरावर काही परिणाम नाही.

मग पर्सेलला पूर्ण गुण द्यायचे का? मी बराच काळ दिले. मुलाखतीच्या धक्क्यानंतर मी सगळ्या ज्युनिअर्सना सांगत सुटले होते की ग्रिफिथ्सची टिकली विसरा, पर्सेलचा थर धरा. आता तेवढी खात्री वाटत नाही, आणि कारण आकड्यांत आहे.

हवेत ठिणगी पडते ते क्षेत्र घ्या, मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट. तांब्याच्या पृष्ठभागावर तेवढं क्षेत्र हवं असेल तर सिग्मा येतो चौरस मीटरला सुमारे २७ मायक्रोकूलॉम. इलेक्ट्रॉनमध्ये मोजला तर पृष्ठभागावरच्या दर लाखभर अणूंमागे साधारण एक जादा इलेक्ट्रॉन. सुटे समजले तर दोन जादा इलेक्ट्रॉनमधलं सरासरी अंतर सुमारे ८० नॅनोमीटर. आणि धातूत या थराची जाडी? अणूच्या आकाराएवढी, म्हणजे नॅनोमीटरच्याही काही भागांची. अंगणभर चार दाणे फेकावेत आणि त्या धान्याच्या 'थराची जाडी' विचारावी, तसा हा प्रकार. धातूतला जादा चार्ज लाटेसारखा पसरलेला असतो, त्यामुळे पर्सेलचं चित्र तिथे वाचतं. पण पाण्याच्या थेंबावर जादा चार्ज आयनांच्या रूपात असतो, एकेक सुटा. तिथे खोलीप्रमाणे हळूहळू वाढत जाणारं क्षेत्र हे बऱ्याच आयनांवर सरासरी काढल्यावरचं चित्र आहे. एकट्या आयनाला ते तसं दिसत नाही.

मग एकट्या आयनाला काय दिसतं? इथे ग्रिफिथ्सची टिकली परत येते, आणि या वेळी खऱ्या अर्थाने. टिकली म्हणजेच एक आयन. त्याच्यावर बल आहे ते फक्त इतर आयनांचं. हा आता हिशेबाचा डाव राहत नाही. शेजारचे आयन त्याच्याच पातळीत आहेत, ते त्याला आडवे ढकलतात, वर ढकलत नाहीत. वरचा धक्का येतो तो थेंबाच्या बाकी सगळ्या वक्र भागाकडून, आणि तो भरतो सिग्मा भागिले दोन एप्सिलॉन-नॉट. सुट्या आयनांच्या चित्रात अर्धा हा सरासरीचा आकडा नसून प्रत्येक आयनाला प्रत्यक्ष दिसणारं क्षेत्र आहे.

तर माझं परीक्षण असं: ही दोन पुस्तकं एकाच सूत्राच्या दोन सिद्धता देत नाहीत. ती चार्जची दोन वेगवेगळी चित्रं धरून बोलतात. पर्सेलचा थर खरोखर सलग आहे, आणि तिथे एकूण क्षेत्र वापरलेलं चालतं. ग्रिफिथ्सचा तुकडा मुळात सुट्या कणाच्या भाषेत विचार करतो, पण त्याला सलग पृष्ठभागाचा वेष चढवलेला आहे. दोन्ही वाटा एकाच उत्तराला पोचतात हे मला अजूनही थोडं आश्चर्याचं वाटतं, आणि दोन्ही पुस्तकांनी ते आश्चर्य वाचकापासून लपवलं आहे. हेतुपुरस्सर नव्हे, पण लपवलं आहे.

ग्रिफिथ्सच्या टिकलीत आणखी एक छोटी फट आहे. टिकली काढल्यावर उरलेलं क्षेत्र 'सुरळीत' असतं, हे भोकाच्या मध्याजवळ खरं. भोकाच्या कडेला उरलेल्या पृष्ठाचं आडवं क्षेत्र लॉगॅरिदमने वाढत जातं. गोल टिकलीवर ते सममितीने कटतं, उभ्या घटकाला धक्का लागत नाही, म्हणून उत्तर टिकतं. पण चौकोनी जाळीवर आकडेमोड करणाऱ्या माणसाला ही कड त्रास देते. मला दिला.

फाइनमन आणि जॅक्सन यांच्याबद्दल थोडक्यात. दोघेही ऊर्जेच्या वाटेने जातात: प्लेट किंचित सरकवा, ऊर्जा किती बदलली ते बघा, भागाकार करा. फाइनमन दुसऱ्या खंडाच्या आठव्या प्रकरणात हे करून झाल्यावर दोन-तीन वाक्यांत पर्सेलसारखंच स्पष्टीकरण देऊन मोकळे होतात: थरात क्षेत्र शून्यापासून पूर्ण किमतीपर्यंत जातं, सरासरी निम्मी. जॅक्सन पहिल्याच प्रकरणात ऊर्जा-घनता हाच दाब असं दाखवतात. वाट बिनचूक आहे, पण ती एकूण हिशेब देते, बल कुणावर कसं आहे ते दाखवत नाही. शिवाय बॅटरी जोडलेली की काढलेली, या प्रश्नावर चिन्ह चुकवायची सोय भरपूर. मुलाखतीत ही वाट घ्यायची असेल तर 'चार्ज स्थिर ठेवून' हे शब्द आधी उच्चारा.

आणि आपलं बारावीचं एनसीईआरटी! आमच्या वेळच्या आवृत्तीत कपॅसिटरच्या प्रकरणाखाली एक प्रश्न होता: प्लेटवरचं बल अर्धा क्यू-ई आहे हे दाखवा आणि त्या अर्ध्याचं कारण सांगा. शेवटचे ते चार शब्द फार मोलाचे होते. आम्ही क्लासच्या वहीत 'सरासरी' असं एका शब्दात उत्तर लिहिलं आणि पान उलटलं. पाच-सहा वर्षांनी मुलाखतीत तोच शब्द बोलले.

आता चुंबकीय बाजू, कारण तिथे पर्सेलचं चित्र हाताला लागतं. पृष्ठभागावर विद्युतधारा वाहत असेल तर बल म्हणजे के क्रॉस बी, आणि बी सरासरी. लांब सोलेनॉइडच्या भिंतीवर बाहेरच्या दिशेने दाब येतो बी-वर्ग भागिले दोन म्यू-नॉट. ३ टेस्लासाठी, म्हणजे बऱ्याच एमआरआय मशीनच्या चुंबकाइतक्या क्षेत्रासाठी हा दाब होतो सुमारे ३६ लाख पास्कल, ३५ वातावरणांइतका. हवेत ठिणगी पडायच्या बेतात असताना विद्युत दाब किती असतो माहितेय? जेमतेम ४० पास्कल, पाण्याचा चार मिलिमीटर उंच स्तंभ. म्हणून विद्युत बाजूला हा 'दोन' चुकला तरी वस्तू तुटत नाही, फक्त पेपर चुकतो. चुंबकात चुकला तर गुंडाळी कशाने बांधायची याचाच अंदाज दुपटीने हुकतो. आणि खऱ्या चुंबकात गुंडाळीला खरंच जाडी असते, तारांचे थरावर थर. सोलेनॉइड पुरेसा लांब आणि गुंडाळी एकसारखी असेल तर आतल्या थराला जवळजवळ पूर्ण बी दिसतं, बाहेरच्याला जवळजवळ शून्य, मध्ये सरळ रेषेत उतार. कुणालाही काही वजा करावं लागत नाही. पर्सेलचा थर इथे तुम्ही बोटाने दाखवू शकता. अर्धा शिकवायचाच असेल तर मी इथूनच शिकवीन.

आता माझे तीन आठवडे.

माझं काम चार्ज केलेल्या थेंबांवर आहे. थेंबावर किती चार्ज मावतो याची मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ साली काढली. चार्जचा वर्ग म्हणजे ६४ गुणिले पाय-वर्ग गुणिले एप्सिलॉन-नॉट गुणिले पृष्ठताण गुणिले त्रिज्येचा घन. त्यापलीकडे थेंब लांबट होतो, टोकं काढतो आणि बारीक धारा सोडतो. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पाण्याच्या थेंबासाठी ही मर्यादा सुमारे ०.६३ पिकोकूलॉम, म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉन-चार्ज.

मी थेंबाच्या पृष्ठभागाचे त्रिकोण पाडून कोड लिहिलं. प्रत्येक त्रिकोणावरचं क्षेत्र काढताना त्या त्रिकोणाचा स्वतःचा वाटा कसा धरायचा, हा नाजूक भाग. तो टाळायला मी शहाणपणा केला: क्षेत्र पृष्ठभागाच्या जरासं बाहेर मोजलं. किंमत स्थिर, गुळगुळीत, कुठे अनंत नाही. मी खूश. त्याला सिग्माने गुणलं आणि बल म्हणून पुढे दिलं. म्हणजे ई-बाहेर गुणिले सिग्मा, सरासरी नाही. दाब बरोबर दुप्पट.

थेंब ०.४५ पिकोकूलॉमलाच फुटायला लागले. गंमत म्हणजे मला ते चुकीचं वाटलं नाही! प्रत्यक्ष प्रयोगात थेंब रॅलेच्या मर्यादेआधी फुटल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा माझ्या कोडने काहीतरी खरं पकडलं असं मी दोन आठवडे समजत होते. जाळी बारीक केली, टाइम-स्टेप कमी केली, ०.४५ हलेना. शेवटी लॅबमधल्या सिनिअर दादाने दोन आकड्यांचा भागाकार कॅल्क्युलेटरवर केला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला: ०.७१. "हे एक भागिले वर्गमूळ दोन आहे गं. निसर्ग एवढा नेमका चुकत नाही, आपण चुकतो." चार्जच्या वर्गात दोनाची चूक, म्हणजे चार्जमध्ये वर्गमूळ दोनाची. मग कोड उघडलं, आणि तिथे मुलाखतीतले सर पुन्हा बसले होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. सपाट त्रिकोणाचा स्वतःवरचा वाटा काढून टाकला, टिकली काढतात तसा, आणि क्षेत्र पृष्ठभागावरच मोजलं. कोडमध्ये शेवटी ग्रिफिथ्सच कामाला आला, पर्सेल नाही. जाळीवर थराला जाडी नसते. तिथे वजाबाकीच करावी लागते. म्हणून मघाशी म्हटलं की आता तेवढी खात्री वाटत नाही.

एक सूचना जाता जाता. रॅलेची मर्यादा बऱ्याच ठिकाणी अशी काढून दाखवतात की विद्युत दाब आणि पृष्ठताणाचा दाब समान ठेवा. सिग्मा-वर्ग भागिले दोन एप्सिलॉन-नॉट बरोबर दोन गॅमा भागिले आर. करून बघा, नेमकं तेच सूत्र येतं. पण रॅले यांचा युक्तिवाद हा नव्हे. त्यांनी थेंबाच्या कंपनांचा हिशेब केला आणि लांबट होण्याचं पहिलं कंपन कधी अस्थिर होतं ते पाहिलं. गोल थेंबावर सगळीकडे सारखा ओढ असेल तर न दबणारं पाणी आपला आतला दाब कमी करून घेतं, फुटत नाही. दोन्ही वाटांनी एकच सूत्र येतं, आणि ते सोपं असल्यामुळे चुकीची वाट जास्त छापली जाते. मुलाखतीत कुणी 'दाब समान केला' असं म्हटलं की पुढचा प्रश्न काय येणार ते तुम्हाला आता कळलं.

घरी करायचं ते एवढंच. ग्रिफिथ्सच्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दोन उदाहरणं आहेत: चार्ज केलेल्या धातूच्या गोळ्याचे उत्तर आणि दक्षिण गोलार्ध एकमेकांना किती बलाने ढकलतात, आणि तोच प्रश्न भरीव, सर्वत्र सारख्या चार्ज असलेल्या गोळ्यासाठी. पहिल्यात दाब गुणिले पाय आर-वर्ग, दोन ओळींत उत्तर: क्यू-वर्ग भागिले ३२ पाय एप्सिलॉन-नॉट आर-वर्ग. दुसऱ्यात रो गुणिले एकूण ई, सरासरी वगैरे काही नाही. उत्तर पहिल्याच्या बरोबर दीडपट. दुसऱ्यात तुम्ही उत्तर गोलार्धाचं स्वतःचं क्षेत्रही हिशेबात घेतलेलं असतं, तरी उत्तर बरोबर येतं. का, ते चार ओळींत लिहा. मग आठव्या प्रकरणात जा, तिथे हेच भरीव गोळ्याचं उदाहरण स्ट्रेस टेन्सरने सोडवलेलं आहे. त्यात रो कुठेच लागत नाही, फक्त सीमेवरचं क्षेत्र लागतं. तिन्ही हिशेब एकाच कागदावर शेजारी शेजारी करा. मी ते पाचव्या वर्षी केले, तुम्ही एमएस्सीत करा.

पाण्याच्या थेंबाला मी वर वाहक धरलं, ते चालतं. तेलाच्या थेंबाला चालत नाही. तिथे पृष्ठावर मुक्त चार्जबरोबर ध्रुवीभवनाचाही चार्ज असतो, आणि 'सरासरी क्षेत्र गुणिले सिग्मा' हे दोन्हींना मिळून लावलं तर संपूर्ण थेंबावरचं एकूण बल बरोबर येतं, पण ते थेंबावर कुठे कसं वाटलं आहे हे वेगवेगळ्या पद्धती वेगवेगळं सांगतात. ग्रिफिथ्स आणि पर्सेल दोघेही इथे फार लांब येत नाहीत. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथे अडलेलं आहे, आणि या आठवड्यात कोड पुन्हा एकदा दोनाच्या कुठल्यातरी घाताने चुकतंय.